चोक बंद केला की गाडी बंद: जुन्या एटीव्हीच्या कार्बोरेटरची दुरुस्ती आणि ट्यूनिंग

"चोक ओढलेला असला की चालते, चोक आत ढकलला की बंद पडते." जुन्या एटीव्हीबद्दल, म्हणजे खडबडीत वाटेवर चालणाऱ्या जाड टायरांच्या छोट्या गाडीबद्दल, ही तक्रार इतकी ऐकू येते की ती ऐकताच समोरचा माणूस "कार्बोरेटर साफ करा" म्हणून मोकळा होतो. कार्बोरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग, आणि चोक म्हणजे थंड इंजिन सुरू करताना त्या मिश्रणात पेट्रोल वाढवणारी सोय. माझ्याकडची गाडी नेमकी हेच करत होती. ऐंशीच्या दशकाच्या अखेरची, एका सिलिंडरची, फोर-स्ट्रोक, एअर-कूल्ड, तीनशे सीसीच्या आसपास. जानेवारीत ती माझ्याकडे आली तेव्हा काही वर्षं शेडमध्ये नुसती उभी होती आणि टाकीत पेट्रोल तसंच होतं. देणाऱ्यानेही तेच सांगितलं: फक्त कार्बोरेटर साफ करून घ्या. जुन्या गाड्यांच्या व्यवहारात हे वाक्य ठरलेलं असतं आणि बहुतेक वेळा अर्धंच खरं असतं.

कार्बोरेटर उघडण्याची माझी ही पहिलीच वेळ होती. जूनअखेर गाडी नीट चालू लागली. मधल्या महिन्यांत हाताला जे लागलं ते क्रमाने लिहितो. कार्बोरेटर कसा उघडावा हे कुणीही सांगतं. उघडण्याआधी काय बघायचं आणि काय लिहून ठेवायचं, हे मला फार कमी जणांनी सांगितलं.

सुरुवात इंजिन ऑइलपासून केली. डिपस्टिक काढली तर पातळी वरच्या खुणेच्याही वर, ऑइल पातळ आणि पेट्रोलचा वास येणारं. गाडी बराच काळ पेट्रोल कॉक, म्हणजे टाकीखालचा नळ, चालू ठेवून उभी असेल आणि कार्बोरेटरमधल्या फ्लोटची (तरंगत्या भागाची) पेट्रोल अडवणारी सुई झिजलेली किंवा अडकलेली असेल, तर पेट्रोल कार्बोरेटरमधून सिलिंडरमध्ये आणि पिस्टनच्या कडेने खाली क्रँककेसमध्ये उतरतं. अशा ऑइलवर इंजिन चालवणं म्हणजे बेअरिंगांची वाट लावणं. म्हणून सेल्फ मारण्याआधी ऑइल बदललं. एक गोष्ट तेव्हाच कळून चुकली, की फ्लोटची सुई खराब आहे आणि आज ना उद्या कार्बोरेटर उघडावाच लागणार.

टाकीतलं पेट्रोल गडद पिवळं झालं होतं आणि त्याला जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास होता. पेट्रोल काही महिन्यांतच उतरायला लागतं. त्यातला हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट राळ उरते. त्यात इथेनॉल मिसळलेलं असेल तर ते हवेतलं बाष्प ओढून घेतं. ओलावा जास्त झाला की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतं, आणि कॉक पेट्रोल तळातूनच घेतो. सगळं पेट्रोल काढलं, टाकी धुतली आणि कॉक सोडवला. त्याच्या टोकाची जाळी गंजाच्या पुडीने जवळजवळ बंद झाली होती. जाळी साफ करून कॉक परत बसवला, थोडं ताजं पेट्रोल भरलं, नळी डब्यात सोडून कॉक उघडला. धार व्यवस्थित आली. पेट्रोलचा प्रश्न मिटला असं धरून मी पुढे सरकलो. तो पुरता मिटला नव्हता, ते पुढे येईलच.

स्पार्क, कॉम्प्रेशन आणि व्हॉल्व्हचं अंतर या तीन तपासण्या कंटाळवाण्या आहेत, पण टाळू नका. व्हॉल्व्हचं अंतर प्रमाणापेक्षा कमी झालं असेल तर गाडी सुरू व्हायला त्रास देते, आयडलिंग (रेस न देता चालत राहणं) धरत नाही आणि लक्षणं हुबेहूब कार्बोरेटरची वाटतात. अंतर इंजिन पूर्ण थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या माथ्यावर आणून, फीलर गेजने मोजायचं असतं. माझ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं अंतर कमी निघालं, ते मॅन्युअलप्रमाणे केलं. कॉम्प्रेशन मोजताना थ्रॉटल, म्हणजे रेस, पूर्ण उघडा धरा, नाहीतर आकडा कमी येतो. काही इंजिनांत सुरू करायला सोपं जावं म्हणून डीकॉम्प्रेशनची, म्हणजे दाब थोडा सोडून देण्याची, सोय असते. अशा इंजिनात आकडा मुळातच कमी दिसतो, त्यामुळे मॅन्युअल न बघता घाबरू नका. मॅन्युअल मात्र नक्की मिळवा. सर्व्हिस मॅन्युअल हवं, चालकाला देतात ती पुस्तिका नव्हे. या सगळ्या खटाटोपात मी केलेल्या खर्चांपैकी सगळ्यात कामी आलेला खर्च तोच.

आता उघडण्याआधीची नोंद.

कार्बोरेटर म्हणजे एकाच भांड्यात बसवलेल्या तीन-चार वेगवेगळ्या वाटा. थ्रॉटल बंद असताना आणि जेमतेम उघडताना पेट्रोल पायलट जेटमधून येतं. जेट म्हणजे नेमक्या मापाचं छिद्र असलेला छोटा पितळी भाग. साधारण पाव ते पाऊण थ्रॉटलपर्यंत निमुळती सुई आणि तिच्याभोवतीची फट हिशोब ठेवते. त्यापुढे पूर्ण उघडेपर्यंत मेन जेट. सुरू करताना चोकची स्वतंत्र वाट. या हद्दी काटेकोर नसतात, एकमेकींत मिसळतात. माझा कार्बोरेटर व्हॅक्यूमवर स्लाइड (ती सुई धरणारा सरकता भाग) उचलणारा, म्हणजे सीव्ही प्रकारचा आहे. त्यात अंगठ्याने दाबलेला थ्रॉटल फक्त बटरफ्लाय, म्हणजे हवेच्या वाटेतली चकती, फिरवतो आणि स्लाइड हवेच्या ओढीने आपली आपण वर जाते, त्यामुळे हे गणित आणखी ढोबळ होतं. तरीसुद्धा गाडी कुठे अडखळते हे कळलं की शोधायची जागा एकदम कमी होते.

त्यासाठी थ्रॉटलच्या डबीवर पांढरी चिकटपट्टी लावली आणि लिव्हरच्या प्रवासावर पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण अशा खुणा केल्या. इंजिन चोकवर गरम करून चोक हळूहळू कमी करत गेलो आणि प्रत्येक खुणेवर काय होतं ते वहीत लिहिलं. आयडलला चोकशिवाय बंद. पावच्या खाली अडखळते, कधी कार्बोरेटरमधून शिंक. अर्ध्यावर बरी, पण मधूनच झटका. पूर्ण उघडल्यावर जड, घोगरा आवाज, नळकांड्यातून काळपट धूर. थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट, आणि आरपीएम खाली यायला वेळ.

अडखळत असताना चोक थोडा ओढून बघायचा. सुधारली तर त्या टप्प्यावर पेट्रोल कमी पडतंय, म्हणजे मिक्स्चर (हवा-पेट्रोलचं मिश्रण) लीन. आणखी बिघडली तर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. माझी गाडी खालच्या टोकाला लीन आणि वरच्या टोकाला रिच होती. एकाच कचऱ्याने दोन्ही होणं कठीण, म्हणजे दोष किमान दोन. ही ओळ वहीत लिहिली नसती, तर साफसफाईनंतर आयडल सुधारल्यावर काम संपलं असं मानून मी थांबलो असतो.

मार्चच्या सुरुवातीला कार्बोरेटर उतरवला. एटीव्हीवर तो दोन रबरी नळ्यांच्या मध्ये, चौकटीत घट्ट कोंबलेला असतो. एक नळी एअर बॉक्सकडे, म्हणजे हवेच्या फिल्टरच्या पेटीकडे, जाते, दुसरी इंजिनकडे. जुनं रबर कडक झालेलं असतं. ओढाताण केली तर फाटतं आणि नवीन मिळणं सोपं नसतं. हेअर ड्रायरने थोडं गरम केलं, क्लॅम्प पूर्ण सैल केले, एअर बॉक्सचे बोल्ट काढून तो मागे सरकवला, मग कार्बोरेटर निमूटपणे बाहेर आला. थ्रॉटल केबल, चोक केबल आणि प्रत्येक छोटी नळी कुठून कुठे जाते याचे फोटो आधी काढून ठेवा. दोन नाही, वीस काढा. पुढे भागांसाठी आठवडेच्या आठवडे थांबावं लागतं आणि तेवढ्यात सगळं डोक्यातून जातं.

स्क्रूबद्दल सांगायलाच हवं. जपानी कार्बोरेटरवरचे चौफुलीचे स्क्रू दिसतात फिलिप्ससारखे, पण असतात जेआयएस, म्हणजे जपानी औद्योगिक, प्रमाणाचे. फिलिप्सचं टोक त्यात नीट तळाला बसत नाही, जोर लावला की वर उसळतं आणि मऊ डोक्याची खाच गोल करून टाकतं. जेआयएस स्क्रूड्रायव्हर घ्या. हट्टी स्क्रूवर आधी गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर ठेवा, मग ड्रायव्हर बसवून त्याच्या मुठीवर हलकेच ठोका आणि फिरवा. माझ्या फ्लोट बाउलचे, म्हणजे तळच्या पेट्रोलच्या भांड्याचे, दोन स्क्रू आधीच कुणीतरी खाऊन ठेवले होते. पकडीने धरून काढले आणि परत बसवताना अॅलन डोक्याचे घातले.

बाउलच्या तळाशी हिरवट पापुद्रा आणि बारीक गंज होता. फ्लोट पितळी पिनवर लोंबकळत होता. त्याच्या सुईच्या शंकूवर एक गोल चर पडला होता. ऑइलमधल्या पेट्रोलचा उगम इथेच. मेन जेट काढून भिंगाखाली वाचला: १३०. मॅन्युअलप्रमाणे तो १२२ हवा होता. या मेकमध्ये जेटवरचा आकडा साधारण छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो, म्हणजे १.२२ ऐवजी १.३०. आठचा फरक दिसायला क्षुल्लक, पण छिद्राचं क्षेत्रफळ साडेतेरा टक्क्यांनी वाढतं. वरच्या टोकाचा काळा धूर इथून येत असणार. मोठा जेट कुणी आणि का घातला, याचा उलगडा एअर बॉक्सच्या झाकणाकडे बघून झाला. हवा आत घेणारी नळी, म्हणजे स्नॉर्कल, गायब होती. जास्त हवा, म्हणून जास्त पेट्रोल. ताकद वाढवायची ही जुनी खटपट. ती करणाऱ्याने नंतर आतला फोमचा फिल्टर कुजू दिला आणि सगळा हिशोब विस्कटला. फिल्टरला बोट लावलं तर त्याची भुकटी झाली.

पायलट जेट खोल भोकात बसलेला असतो. त्याच्या खाचेत अगदी नेमका बसेल असाच स्क्रूड्रायव्हर वापरा, कारण पितळ मऊ असतं. माझा जेट ३८ नंबरचा, म्हणजे छिद्र जेमतेम ०.३८ मिलिमीटर. उजेडाकडे धरला तर काहीच दिसलं नाही. आयडल का धरत नव्हती, ते त्या अंधारातच कळलं.

मिक्स्चर स्क्रू, म्हणजे आयडलचं मिश्रण जुळवणारा स्क्रू, काढण्याआधी तो हलक्या हाताने आत फिरवत न्या आणि तळाला टेकेपर्यंत किती फेरे झाले ते मोजून लिहा. टेकला की थांबा. जोराने आवळला तर त्याचं सुईसारखं टोक बसकण खराब करतं, आणि ती बसकण कार्बोरेटरच्या धातूतच असते. माझा सव्वा फेरा निघाला. स्क्रूच्या मागे आधी एक बारीक स्प्रिंग, मग वॉशर, मग ओ-रिंग असते. स्क्रू निघाला तरी ओ-रिंग भोकातच राहून जाते. वाकवलेल्या पातळ तारेने ती काढायची. ती आत राहिली आणि त्यावर क्लिनर मारला, तर ती फुगते आणि पुढे तिथूनच हवा घेते. काही कार्बोरेटरवर हा स्क्रू पितळी टोपणाखाली दडवलेला असतो. माझा उघडा होता.

स्लाइडचा रबरी डायफ्राम दिव्यासमोर ताणून बघितला. टाचणीच्या टोकाएवढं छिद्र असलं तरी स्लाइड पूर्ण उचलली जात नाही. तो शाबूत होता. कार्बोरेटरच्या कुशीत आणखी एक छोटा डायफ्राम असतो, एअर कट-ऑफ व्हॉल्व्हचा. थ्रॉटल सोडल्यावर तो मिक्स्चर थोडं रिच करतो, म्हणजे सायलेन्सरमध्ये फटफट होत नाही. माझा तो पुठ्ठ्यासारखा कडक झाला होता.

साफ करताना रबराचं सगळं आधी काढून बाजूला ठेवलं, कारण कार्बोरेटर क्लिनर रबराचा शत्रू आहे. चष्मा घाला, हे मी काळजीपोटी नाही, अनुभवावरून सांगतोय: एका भोकात फवारा मारला की तो भलत्याच भोकातून थेट तोंडावर येतो. खोली हवेशीर हवी, जवळपास ज्योत किंवा ठिणगी नको. पायलट जेट क्लिनरमध्ये भिजत ठेवला आणि मग विजेच्या वायरमधला तांब्याचा एकच बारीक केस त्यातून ओवला. स्टीलची तार किंवा ड्रिलचं पातं घालू नका, छिद्र मोठं झालं की जेट फेकायचाच. जेट साफ होणं म्हणजे अर्धंच काम. तो ज्या वाटेवर बसतो ती वाट, आणि बटरफ्लायच्या कडेला उघडणारी ती दोन-तीन सुईएवढी छिद्रं, तिथेच राळ जास्त अडकते. मी एका छिद्रात फवारा मारून प्रत्येक वेळी तो कुठून बाहेर येतो ते पाहिलं. एक छिद्र हट्टाने कोरडंच राहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, मग हवेचा दाब, मग पुन्हा क्लिनर, आणि शेवटी तिथून तपकिरी थेंब आला.

भाग मागवणं हे या सगळ्यातलं सगळ्यात संथ काम. गाडीच्या नावावर भाग मागवू नका. एकाच नावाच्या मॉडेलमध्ये वर्षागणिक कार्बोरेटर बदललेला असतो, आणि कधीकधी वेगवेगळ्या बाजारपेठांसाठीही. चौकटीवरचा क्रमांक लिहून घ्या, तसाच कार्बोरेटरच्या अंगावर कोरलेला अक्षर-अंकांचा कोडही. मग भागांच्या चित्रसूचीत त्या वर्षाचं पान काढून भागाचा क्रमांक शोधा. तो क्रमांक टाकल्यावर तीनपैकी एक उत्तर येतं: उपलब्ध, दुसऱ्या क्रमांकात विलीन, किंवा उत्पादन बंद. फ्लोटची सुई दुसऱ्या क्रमांकात विलीन झाली होती, म्हणून दोन क्रमांकांची पुन्हा जुळवाजुळव. मेन जेट लगेच मिळाला. स्नॉर्कलचं उत्पादन बंद. तो एका मोडीत काढलेल्या गाडीवरून मिळवला. सुई आधी चुकीची आली, ती परत पाठवताना मूळ पाकीट न फोडता, पावतीची प्रत आणि कारणाचा फॉर्म जोडून द्यावा लागला. बदली यायला एप्रिलचा बराचसा भाग गेला. म्हणून पार्सल आलं की पाकीट फोडण्याआधी वरूनच क्रमांक वाचा.

मधल्या काळात मेकॅनिकसकट दोघा-तिघांनी सल्ला दिला की अख्खा नवा, नक्कल केलेला कार्बोरेटरच घाला, सगळ्या सुट्या भागांच्या खर्चापेक्षा फार महाग पडत नाही. हे खरं आहे. पण अशा कार्बोरेटरमधले जेट आणि सुई तुमच्या इंजिनासाठी जुळवलेली असतीलच असं नाही, आणि मग ट्यूनिंग शून्यापासून. मूळ कार्बोरेटरचा धातू शाबूत असेल तर तोच राखावा, असं माझं मत झालं. रिपेअर किटबद्दलही तेच. किटमधली गॅस्केट आणि ओ-रिंग वापरली, त्यातले पितळी जेट मात्र घातले नाहीत, पायलट जेट जुनाच साफ करून परत घातला. किटमधल्या जेटवर आकडा छापलेला असतो, छिद्र त्या आकड्याचं असेलच याची खात्री मला वाटली नाही.

नवी सुई बसवल्यावर फ्लोटची उंची मोजली. कार्बोरेटर असा तिरका धरायचा की फ्लोटची जीभ सुईच्या स्प्रिंगच्या पिनेला नुसती टेकेल, पिन दाबली जाता कामा नये. मग गॅस्केटच्या पृष्ठभागापासून फ्लोटच्या माथ्यापर्यंतचं अंतर मॅन्युअलशी ताडायचं. उलटा धरून मोजलं तर फ्लोटच्या वजनाने पिन दबते आणि आकडा फसवतो. बसवल्यानंतर आणखी एक खात्री करता येते. बाउलच्या ड्रेनला पारदर्शक नळी लावून ती कार्बोरेटरच्या बाजूने उभी धरा, ड्रेन स्क्रू उघडा, आणि नळीत पेट्रोल कुठवर चढतं ते बघा. आत जी पातळी तीच नळीत दिसते.

मेच्या पहिल्या आठवड्यात सगळं जागेवर गेलं. नवा फोम फिल्टर, फिल्टरचं तेल लावून पिळलेला, स्नॉर्कल, १२२ चा जेट, मिक्स्चर स्क्रू दीड फेरा बाहेर. इंजिन सुरू झालं, आणि चोक आत ढकलल्यावरही सुरू राहिलं. मी सरळ जमिनीवर बसलो.

आनंद थोडाच टिकला. आयडलिंग वर-खाली हेलकावत होतं आणि रेस देऊन सोडली की आरपीएम वरच लटकत होते. वहीतली "खाली यायला वेळ" ही ओळ अजून सुटली नव्हती. ही लीन मिक्स्चरची खूण, पण आता पायलटची वाट मोकळी होती. म्हणजे इंजिन कुठून तरी चोरून हवा घेत होतं. अशी गळती शोधायला लोक चालत्या इंजिनावर क्लिनर फवारतात. गरम एक्झॉस्टशेजारी ते मला पटलं नाही. फवाऱ्याच्या बाटलीत साधं पाणी घेतलं आणि इंजिनकडच्या रबरी नळीवर थोडं थोडं मारत गेलो. खालच्या बाजूला पाणी लागताच आवाज बदलला. नळी काढून वाकवली तर वरून न दिसणारी भेग उघडली. या नळीचा नवा भाग मिळाला, त्यासोबत सिलिंडर हेडकडची ओ-रिंगही बदलली. हवा घेणाऱ्या इंजिनावर मिक्स्चर जुळवायला बसणं व्यर्थ आहे. स्क्रू कितीही फिरवा, थंडीत एक उत्तर येईल आणि गरम झाल्यावर दुसरं.

मग खरं ट्यूनिंग. ते मात्र तासाभरात झालं. इंजिन चालवून पूर्ण गरम केलं. माझ्या मॅन्युअलमध्ये आयडल १,४०० आरपीएम, १०० वर-खाली. प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा टॅकोमीटर घेतला होता. एक सिलिंडरच्या बऱ्याच फोर-स्ट्रोक इंजिनांत प्लग प्रत्येक फेऱ्याला ठिणगी टाकतो, काहींत दोन फेऱ्यांना एकदा. मीटरवर ही निवड चुकली तर आकडा दुप्पट किंवा निम्मा दिसतो, म्हणून आधी ते तपासा. आयडलच्या स्क्रूने १,४०० वर आणलं. मिक्स्चर स्क्रू हळूहळू आत नेला, इंजिन अडखळेपर्यंत. मग बाहेर, आरपीएम वाढून स्थिर होईपर्यंत आणि त्याच्या किंचित पुढे. जिथे सर्वात जास्त आणि सर्वात शांत चाललं तिथे ठेवला आणि आयडल परत १,४०० वर आणलं. हे दोनदा केलं, कारण एक स्क्रू हलला की दुसऱ्याचं उत्तर बदलतं. शेवटी स्क्रू दोन फेऱ्यांना किंचित कमी राहिला. एका फेऱ्याच्या आत किंवा तीन फेऱ्यांच्या बाहेर बसत असेल तर पायलट जेटचाच नंबर चुकतोय असं समजतात.

इथे एक खबरदारी. हा स्क्रू इंजिनकडच्या बाजूला असेल तर तो पेट्रोल सोडतो आणि बाहेर काढल्यावर मिक्स्चर रिच होतं. एअर बॉक्सकडच्या बाजूला असेल तर तो हवा सोडतो आणि बाहेर काढल्यावर लीन होतं. कुणाचा सल्ला ऐकण्याआधी त्याचा स्क्रू कुठल्या बाजूचा आहे ते विचारा.

वरच्या टोकासाठी नवा प्लग घालून मोकळ्या चढावर पूर्ण थ्रॉटलने गाडी ओढली आणि तसंच इंजिन बंद करून, न्यूट्रलमध्ये थांबून, प्लग काढून पाहिला. फिकट तपकिरी. आजच्या शिसेविरहित पेट्रोलवर प्लगचा रंग पूर्वीइतका बोलका राहिलेला नाही, त्यामुळे त्यावरून बारीकसारीक निष्कर्ष काढत बसलो नाही. काळा धूर गेला, घोगरेपणा गेला, तेवढं पुरे. तुम्ही बरंच उंचावर गाडी नेणार असाल तर हेच जेट तिथे रिच वाटतील, कारण दर ३०० मीटरला हवा साधारण तीन टक्क्यांनी विरळ होते. कडाक्याच्या थंडीत उलट होतं.

जूनमध्ये टाकी पहिल्यांदाच काठोकाठ भरली आणि लांब फेरी मारली. वाटेत गाडी पेट्रोल संपल्यासारखी खोकत बंद पडली. थोडं थांबलो, सुरू झाली, पुन्हा तेच. माझा हात कार्बोरेटरकडे निघालाच होता, पण आधी टाकीचं झाकण सैल केलं. फुस्स असा आवाज आला आणि गाडी धावू लागली. झाकणातली हवेची वाट मातीने बुजली होती. पेट्रोल जाईल तशी आत हवा यायला हवी. ती आली नाही की आत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली उतरत नाही. टाकी अर्धी रिकामी असताना आतली हवा बराच वेळ निभावून नेते, म्हणून हिवाळ्यात डब्यात सोडलेली धार ठीक दिसली होती. भरलेल्या टाकीत हवेला जागाच नसते, त्यामुळे दोष लवकर उघडा पडतो. धारेची तपासणी करायची तर टाकी भरून, झाकण घट्ट लावून आणि बराच वेळ करावी.

आता थांबताना कॉक बंद करतो, आणि काही आठवडे गाडी काढायची नसेल तर बाउलचा ड्रेन उघडून पेट्रोल काढून टाकतो. मधूनमधून डिपस्टिकचा वास घेतो. अजून तरी ऑइलच आहे.

एक काम बाकी आहे. उतारावर थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमध्ये अजून हलकी फटफट होते, कारण एअर कट-ऑफचा डायफ्राम तोच जुना, कडक झालेला आहे. त्याचा भाग क्रमांक बदलला आहे आणि नव्या क्रमांकापुढे पुरवठ्याची तारीख कोरी आहे. मागणी नोंदवून ठेवली आहे.